वाकडं काढलंय की वाकडं आलंय?

वाचकाचं पत्र

«तीन वर्षांपासून फोटो काढते. क्रॉप सेन्सरचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, १८-५५ची किट लेन्स आणि ५० एमएम एफ/१.८, एवढंच सामान आहे. विषय तृतीयांशावर, म्हणजे फ्रेमचे तीन सारखे भाग करणाऱ्या रेषेवर, ठेवणं, नजरेपुढे जागा सोडणं, क्षितिज सरळ राखणं, मागचा पसारा टाळणं हे सगळं नीट पाळते. फोटो ग्रुपवर टाकला की सगळे म्हणतात, "छान आहे, पण कॅलेंडरवरचा वाटतो." म्हणून यंदा मुद्दाम नियम मोडून पाहिले. तर तीच मंडळी म्हणाली, "क्षितिज सरळ करून घे", "घंटा जरा बाजूला गेलीय." सोबत तीन फोटो पाठवतेय : चाळकेवाडीच्या पवनचक्क्या, वारीतले एक आजोबा आणि मेणवलीची घंटा. मुद्दाम केलेलं आणि चुकून झालेलं यातला फरक बघणाऱ्याला कसा कळतो?
– एक वाचक, सातारा»

उत्तर

तिन्ही फोटो मोठे करून, मोजून पाहिले. ग्रुपवाल्यांचं चुकलेलं नाही, आणि तुम्ही चुकीच्या वाटेवर आहात असंही नाही. तुम्ही नियम मोडलेत, पण भीत भीत. पवनचक्क्यांच्या फोटोत क्षितिज जेमतेम तीन अंशांनी कललंय. मेणवलीची घंटा बरोबर मध्यभागी ठेवायचा बेत दिसतो, पण ती उजवीकडे २४० पिक्सेल सरकलीय. आजोबा फ्रेमच्या बाहेर बघताहेत हे उत्तम, पण त्यांचं नाक आणि फ्रेमची कड यांच्यात जेवढी जागा सोडलीय तेवढी ना मोकळी वाटते ना कोंडलेली. बघणारा तुमच्या मनात शिरू शकत नाही. त्याच्यापुढे असतं ते फक्त प्रमाण. थोडंसं वाकडं दिसलं की तो म्हणणार, हात हलला. भरपूर वाकडं दिसलं की म्हणणार, असं का बरं केलं असेल? हा दुसरा प्रश्न त्याला पडायला हवा, आणि त्याचं उत्तर फोटोतच सापडायला हवं.

दुसरी गोष्ट, एका फोटोत एकच नियम मोडायचा आणि बाकीचे नेहमीपेक्षाही काटेकोर पाळायचे. तुमच्या पवनचक्कीच्या फोटोत क्षितिज तिरकं आहे, एक पातं वरच्या कडेला कापलं गेलंय आणि खाली उजव्या कोपऱ्यात कुणाची तरी पिशवी आलीय. एक ना धड, भाराभर चिंध्या. गाणं ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मुरलेला गवई रागात विवादी, म्हणजे त्या रागात न बसणारा, स्वर लावतो तेव्हा तो खटकत नाही, उलट दाद घेऊन जातो. कारण आधी राग पक्का मांडलेला असतो आणि त्या स्वराच्या आजूबाजूचे स्वर जागच्या जागी असतात. तिथेच दुसरा एखादा स्वर कणसुरा लागला तर विवादी स्वरही बेसूरच वाटेल.

तृतीयांशाच्या नियमाबद्दल एक सांगून पुढे जाऊ, म्हणजे तो मोडताना उगाच पाप केल्यासारखं वाटणार नाही. हे नाव १७९७मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने दिलं. तो बोलत होता रंगवलेल्या निसर्गचित्रांबद्दल : जमीन आणि आकाश, उजेड आणि सावली अर्धी-अर्धी वाटू नका, एक दोन भाग आणि दुसरा एक भाग ठेवा, एवढंच. छायाचित्रण जगापुढे जाहीर झालं १८३९मध्ये. म्हणजे तुमच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या चार रेषांमागची कल्पना कॅमेऱ्याहून म्हातारी आहे. ती उपयोगी आहे, पण शास्त्रवचन नाही.

आता तिरकं क्षितिज. आमचा ठोकताळा असा : पाच-सहा अंशांच्या आत काहीही कललं की ती चूक दिसते. दहा ते पंधरा अंशांना हेतू दिसायला लागतो. वीसच्या पुढे फोटो ओरडून बोलतो. कधी ते हवं असतं, बहुतेक वेळा नसतं. अंश मोजायला काही लागत नाही. घड्याळाचा एक मिनिट म्हणजे सहा अंश. कॅमेऱ्याचा माथा बारावर आहे असं धरा आणि मिनिटकाटा दोन मिनिटं पुढे जाईल तेवढा कॅमेरा फिरवा. झाले बारा अंश. एका मिनिटाच्या आत थांबलात तर तिरकं करूच नका.

हे फिरवणं जागेवरच करायचं, घरी संगणकावर नाही. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो नंतर बारा अंश फिरवला आणि तोच आकार राखून क्रॉप केला, तर २४ मेगापिक्सेलमधले साधारण साडेचौदाच उरतात. चाळीस टक्के फोटो कोपऱ्यांबरोबर जातो, आणि कापले जाणारे कोपरे तेच असतात जिथे पात्याचं टोक असतं. तुमच्या फोटोत तीन अंशांमुळे क्षितिजाच्या दोन टोकांत ३१४ पिक्सेलचा फरक पडलाय. तो आणखी तिरका करायच्या फंदात पडू नका, सरळच करून घ्या. त्यात चौदा टक्के फोटो जाईल, म्हणजे फारसं नुकसान नाही. तिरका फोटो काढायला पुन्हा वर जा.

पुन्हा जाल तेव्हा आधी हे ठरवा की तिरकं केल्यावर कुठली रेघ कुठे जाणार. निव्वळ कलता फोटो म्हणजे कलता फोटो. पण मनोऱ्याची रेघ खालच्या एका कोपऱ्यातून निघून वरच्या समोरच्या कोपऱ्यात गेली, तर पूर्ण फ्रेम त्या रेघेवर तोलली जाते. कॅमेरा उभा धरला तर ३:२च्या फ्रेममध्ये त्यासाठी साधारण ३४ अंश फिरवावं लागतं, म्हणजे घड्याळाची साडेपाच मिनिटं. फोनची फ्रेम बहुधा ४:३ असते, तिथे ३७ अंश, सहा मिनिटांहून थोडं जास्त. हे वीसच्या पुढचं ओरडणं आहे, कबूल. पण इथे ते चालतं, कारण मनोरा एकटा आहे आणि फ्रेममध्ये दुसरं काही बोलत नाही.

तिरकं करताना आपल्या भागात दोन गोष्टी घात करतात. एक पाणी. पाण्याची पातळी सपाट असते हे डोळ्याला जन्मापासून माहीत असतं. कृष्णेचा घाट असो की कण्हेर धरणाचं पाणी, ते फ्रेममध्ये आडवं पसरलेलं असताना कॅमेरा कलवला की पाणी सांडल्यासारखं वाटतं, आणि बघणाऱ्याचं सगळं लक्ष त्या सांडण्याकडेच जातं. दुसरी गोष्ट आपले डोंगर. सह्याद्री बेसाल्टच्या थरांचा बनलाय, त्यामुळे माथे सपाट आणि कड्यांवर आडव्या पट्ट्या. अजिंक्यताऱ्याचा माथा किंवा यवतेश्वरची सोंड मागे आली की फ्रेममध्ये गवंड्याची लेव्हल-बाटली ठेवल्यासारखं होतं. पठारावर ढग उतरलेले असतील तो दिवस पाहा. क्षितिज पुसलं जातं, मनोरा तेवढा धुक्यातून वर निघतो, आणि मग कललेलं आहे ते आभाळ की मनोरा, हे बघणाऱ्याने ठरवायचं.

कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल तिरका फोटो घेताना बंद करा. ती हिरवी व्हावी म्हणून हात आपोआप सरळ होतो, आणि मग तुमच्यासारखे तीन अंश उरतात!

मध्यभागी विषय ठेवणं हा सगळ्यांत सोपा वाटणारा आणि सगळ्यांत जास्त फसणारा प्रकार. नवशिके सगळेच विषय मध्ये ठेवतात, कारण फोकसचा चौकोन मध्ये असतो. म्हणून मध्यभागाला "शिकाऊ" असा शिक्का बसलाय. तो पुसायला दोन गोष्टी लागतात : मध्य बिनचूक हवा, आणि दोन्ही बाजूंनी त्या मध्याला साक्ष देणारं काहीतरी हवं.

बिनचूक म्हणजे किती? ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत मध्य ३०००वर. विषयाची मधली रेघ त्याच्या ६० पिक्सेल इकडे-तिकडे, म्हणजे एक टक्क्यात असेल, तर डोळा ती मध्यभागी मानतो. ६००च्या पुढे गेली तर बाजूला ठेवलीय हे कळतं. मधला सगळा पट्टा धोक्याचा, आणि तुमची घंटा २४०वर, ऐन त्या पट्ट्यात आहे.

आता मेणवलीचा फोटो जवळून पाहू, कारण त्यात आणखी एक चूक लपलीय. घंटेभोवतीच्या दगडी कमानीचा उजवा खांब डाव्यापेक्षा जाड दिसतोय. कमान बांधणाऱ्याने तसं केलेलं नाही. तुम्ही थोड्या उजवीकडे उभ्या होतात आणि घंटा मध्ये यावी म्हणून कॅमेरा डावीकडे वळवलात. त्यामुळे उजवा खांब कॅमेऱ्याच्या जवळ पडला आणि मोठा झाला, डावा लांब गेला आणि बारीक झाला. वळवून मध्य साधत नाही. पाय हलवायचे, मनगट नाही. खांबांचे दोन्ही तळ फ्रेमच्या खालच्या कडेपासून सारख्या उंचीवर दिसले की तुम्ही आणि कमान समोरासमोर आहात. एक तळ वर आणि दुसरा खाली दिसत असेल, तर जो खाली आहे तो खांब जवळ आहे. त्याच्या उलट दिशेला पाऊलभर सरका, पुन्हा पाहा.

हा फोटो तुम्ही १८ एमएमवर घेतलाय हे कडांवरून कळतं. किट लेन्स १८ला सरळ रेघांना कडेशी पोट काढते. भूमितीवरच उभ्या असलेल्या फोटोत ते चालत नाही. मागे सरकायला जागा असेल तर २८ ते ३५ एमएमवर या, नसेल तर कॅमेऱ्यातलं लेन्स करेक्शन सुरू ठेवा आणि दोन्ही बाजूंना बोटभर जास्त जागा सोडा, कारण दुरुस्तीत कडा थोड्या कापल्या जातात. चौरस क्रॉपही करून पाहा. आडव्या फ्रेममध्ये मध्यभागी ठेवलेल्या वस्तूच्या दोन्ही बाजूंना रिकामं मैदान उरतं, ते चौरसात नाहीसं होतं.

लिंबची बारा मोटेची विहीर या सरावाला फार चांगली. अष्टकोनी बांधकाम, कमानी, दगड, सगळं मध्याकडे ओढणारं. पण नुसती समरूपता कितीही नेटकी साधली तरी तो नकाशा होतो. म्हणून सगळं आरशासारखं जुळलं की एक गोष्ट बिघडू द्या : एका पायरीवर बसलेलं कुणी, एका कमानीत आलेली उन्हाची तिरीप, एका बाजूलाच तरंगणारी पानं. बिघाड एकच हवा आणि तो फ्रेमच्या दहाव्या हिश्श्याएवढा लहान हवा. आणि विहिरीचा फोटो काढताना कठड्यावर बसून मागे सरकू नका. स्क्रीनमध्ये बघताना पाठीमागे काय आहे ते दिसत नाही.

क्षितिज बरोबर मध्ये ठेवण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पाण्यात खरं प्रतिबिंब असेल आणि वरचं-खालचं सारख्याच तोलाचं असेल तर ठेवा, नसेल तर नको. विषयांची संख्या विषमच हवी, तीन किंवा पाच, हा नियम तर इतका पातळ आहे की तो मोडला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. दोन बैल असतील तर दोनच दाखवा.

आजोबांच्या फोटोकडे येऊ. तिघांमध्ये हाच सर्वांत चांगला, आणि थोडक्यात वाया गेलेला. नजरेपुढे जागा सोडायची हा नियम कशासाठी? बघणाऱ्याची नजर माणसाच्या नजरेमागून जाते, तिला जायला वाट हवी म्हणून. ती वाट बंद केली की ताण तयार होतो : हा माणूस निघालाय, आपल्या हातून निसटतोय. वारीत हा ताण अगदी खरा आहे. पण मग वाट खरंच बंद करायला हवी. तुमच्या फोटोत आजोबांच्या नाकापासून डाव्या कडेपर्यंत ९०० पिक्सेल आहेत, रुंदीच्या पंधरा टक्के. ती २०० ते २५०वर आणा. त्याहून धाडस असेल तर कपाळ आणि नाकाचा शेंडा कडेला टेकू द्या.

समोरची जागा कमी केली की मागची वाढते, आणि वाढलेल्या जागेत काहीतरी अर्थाचं हवं. माणूस ज्याला पाठ फिरवून निघालाय ते तिथे दिसायला हवं : मागून येणाऱ्या दिंडीच्या पताका, ओला रस्ता, मागे राहिलेलं माणूस. तुमच्याकडे मागे आहे डांबर आणि उभ्या गाडीचं पांढरं बोनेट. फोटोतली सर्वांत उजळ जागा तीच. डोळा उजळाकडे धावतो, त्यामुळे आजोबांना सोडून तो गाडीवर जाऊन बसतो. ग्रुपमध्ये कुणीतरी "जागा कमी सोडलीय" असं म्हणालं असेल. त्यांना खटकत होतं बोनेट, आणि दोष गेला मोडलेल्या नियमाला. हे वारंवार होतं. प्रतिक्रिया ऐकायची ती खटकलं एवढ्यापुरतीच. का खटकलं याचा शोध आपण घ्यायचा.

हा फोटो वाचवता येईल. डावीकडून ७०० पिक्सेल कापा. प्रमाण ३:२ ठेवलं तर साधारण ५३०० बाय ३५३० पिक्सेल उरतील, म्हणजे १२ बाय १८ इंचांचा प्रिंट करायला अडचण नाही. वरून-खालून जे कापलं जाईल त्यात टोपी जाऊ देऊ नका, कापायचं ते खालून. मग बोनेटवर ब्रश फिरवून उजेड दीड स्टॉपने खाली आणा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). त्याहून जास्त गडद केलंत तर पांढरी गाडी राखाडी होईल आणि हात फिरवल्याचं कळेल. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने काही न आवळता साठवलेली मूळ फाइल, ठेवली असेल तर तिच्यावरच करा.

पुढच्या वर्षी माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला आली की तुम्ही जालच, म्हणून वारीसाठी आणखी दोन प्रकार सांगतो. पहिला, विषय हलका धूसर नको, पुरता धूसर. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं तेव्हा वारकरी दुतर्फा उभे असतात आणि मधून अश्व धावतात. जो तो शटर सेकंदाच्या १/१०००वर ठेवून घोडा गोठवतो आणि सगळ्यांचा फोटो सारखाच येतो. तुम्ही १/१५वर या. घोडा पांढरा-तपकिरी झोत होईल आणि पलीकडे उभे असलेले वारकरी खणखणीत राहतील. इथे "मुख्य विषय स्पष्ट हवा" हा नियम मोडलाय, पण फ्रेममध्ये काहीतरी सुईसारखं तीक्ष्ण आहे, म्हणून हात हलला असं कुणी म्हणणार नाही. १/६० ते १/१२५ हा टापू टाळा. त्यात घोड्याचे पाय तेवढे किंचित विरघळतात आणि फोकस चुकल्यासारखा दिसतो.

दिवसाउजेडी १/१५ मिळवायचं कसं? आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, १०० ठेवा. कडक ऊन असेल तर एफ/१६ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करूनही, साधारण १/१०० येतं, म्हणजे ते तसंच्या तसं जमणार नाही. एनडी ८ फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी राखाडी काच, लावलात की तो तीन स्टॉप खातो आणि १/१२च्या आसपास पोचता. फिल्टरचा व्यास लेन्सच्या पुढच्या कडेवर लिहिलेला असतो, त्याच मापाचा घ्या. आभाळ भरून आलेलं असेल, आणि त्या दिवसांत बहुधा असतंच, तर एफ/१६ला १/२५ मिळतं, दाट ढगात १/१२. फिल्टरची गरजच नाही. १८ एमएमवर, कोपरं बरगड्यांना टेकवून आणि स्टॅबिलायझेशन सुरू ठेवून १/१५ हातावर निभतं. फोकस आधीच समोरच्या रांगेवर करून मॅन्युअलला टाका, नाहीतर घोडा आडवा आला की कॅमेरा त्याच्यामागे धावतो. आणि रिंगणाच्या वाटेत पाऊल टाकू नका. चोपदार आणि सेवेकरी मागे व्हा म्हणाले की मागे व्हायचं.

दुसरा प्रकार, डोकी कापणं. पायांचे, हातांचे, डोक्यावरच्या तुळशीवृंदावनाचे फोटो चेहऱ्याशिवाय उभे राहतात. पण कापायचं कुठे ते पक्कं हवं. छातीवर, मांडीच्या मध्यावर, दंडावर कापा. चेहरा घेऊन माथा कापायचा असेल तर कपाळाच्या मध्यावर. मनगट, घोटा, गुडघा, कोपर या सांध्यांवर कापलेलं चित्र, कितीही मुद्दाम केलेलं असलं, तरी अवयव तुटल्यासारखंच दिसतं. हा नियम आम्ही कुणालाच मोडायला सांगत नाही. तसंच मघाच्या बोनेटचं. उजळ भाग डोळ्याला ओढतो, चेहरा ओढतो, तीक्ष्ण कड ओढते. हे संकेत नव्हेत, डोळ्याचे स्वभाव आहेत. संकेत मोडता येतात. स्वभाव मोडता येत नाही, त्याला कामाला लावायचं असतं.

"मागचा पसारा काढून टाका" हा नियम मोडायला जत्रेसारखी जागा नाही. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड, म्हणजे नवसाचा उंच लाकडी गाडा, निघतं, तिथे पसारा काढून टाकायला जाल तर बगाडच राहणार नाही. १८ एमएम, एफ/८, फोकस मॅन्युअलवर दोन मीटरला : तुमच्या सेन्सरवर साधारण एक मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. शटर १/२५०, आयएसओ ऑटो. आता कॅमेऱ्याला फोकससाठी थांबावं लागत नाही, तुम्ही फक्त माणसं कुठे येतात ते बघा. गर्दीची फ्रेम का फसते? एकाच्या डोक्यातून दुसऱ्याचा हात उगवतो आणि दोन आकारांचा एक बेढब आकार होतो म्हणून. पाच-सहा जणांच्या पाच-सहा वेगळ्या हालचाली, आणि प्रत्येकामध्ये बोटभर का होईना फट. ही फट उंचीवरून सापडते. एखाद्या माळवदावरून, परवानगी घेऊन, जमिनीपेक्षा फार सोपं जातं. आणि फ्रेम काठोकाठ भरा. वर आभाळाची पांढरी पट्टी राहिली की ती त्या बोनेटचंच काम करते.

वारी तर होऊन गेली, बगाडाला अवकाश आहे. हाताशी आहे तो कास पठाराचा हंगाम, म्हणून शेवटचा प्रकार तिथला. तिथे सगळे जण पुढे फुलं, मध्ये पायवाट, मागे आभाळ असा तीन थरांचा फोटो काढतात. तुम्ही समोरची फुलं आडवी येऊ द्या, इतकी की दोन-तृतीयांश फ्रेम तेरड्याच्या गुलाबी धुराने भरेल आणि उरलेल्या भोकातून एकच लांबचं झाड किंवा माणूस दिसेल. ५० एमएम, एफ/१.८ किंवा एफ/२, फूल लेन्सपासून १५-२० सेंटिमीटरवर. इतक्या जवळ ती लेन्स फोकसच करू शकत नाही, त्यामुळे फुलाचा निखळ रंग होतो. फोकस पाच मीटरच्या पलीकडे. एफ/८ ठेवलंत तर देठ-पाकळ्या अर्धवट ओळखू येतात आणि लेन्सपुढे काहीतरी चुकून आलं असं वाटतं. फोनची लेन्स एफ/१.८ असली तरी सेन्सर लहान, म्हणून फूल पाच-सहा सेंटिमीटरवर आणावं लागेल. हे सगळं आखून दिलेल्या वाटेवरूनच, कडेच्या फुलांपाशी हात आणि स्क्रीन खाली नेऊन. फुलांत पाय, पोट किंवा ट्रायपॉड नको. त्या मातीचा थर बोटभरच असतो आणि तुडवलेली जागा लवकर भरत नाही.

सराव असा करा. प्रत्येक ठिकाणी तीन फोटो : एक नियमाने, एक किंचित मोडून, एक पुरता मोडून. मधला मुद्दाम काढायचा, कारण तो किती केविलवाणा दिसतो हे तिन्ही शेजारी ठेवल्यावरच पटतं. घरी तिन्ही काडेपेटीएवढे लहान करून पाहा. लहान आकारात जो मोडलेला नियम दिसतच नाही, तो मोठ्या आकारात चूक दिसतो. मग फोटोग्राफी न करणाऱ्या कुणाला तरी दाखवा आणि "आवडला का" विचारू नका, "काय दिसतंय" विचारा. "वाकडं आलंय" किंवा "कापला गेलाय" हे पहिलं वाक्य आलं तर तो फोटो बाजूला. "आजोबा चाललेत" आलं तर ठेवा. ग्रुपवर नंतर टाका. तिथे नियम पाठ असलेली माणसं आहेत, ती आधी नियम बघतात.

तुमच्यासाठी पहिलं काम मेणवलीचं. ढगाळ दिवस निवडा, म्हणजे कमानीच्या आत आणि बाहेर उजेडाचा फार फरक राहणार नाही. ३० एमएमच्या आसपास, एफ/८, स्क्रीनवर ग्रिड सुरू. खांबांचे तळ जुळेपर्यंत पाय सरकवा, घंटेचा लोलक मधल्या रेघेवर आणा, दोन्ही खांबांबाहेर सारखी जागा सोडा. पहिला फोटो घेऊन कॅमेऱ्यातच मोठा करून दोन्ही कडा तपासा. सगळं जुळलं की तिथेच थांबा. कुणीतरी घाटाकडे जायला कमानीच्या एका बाजूने जाईलच. तो दुसरा फोटो आम्हाला पाठवा, त्याचेही पिक्सेल मोजू.